चौथं घड्याळ

१

वहिनीने दादाला मारलं, असं खुद्द वहिनीचंच म्हणणं होतं, आणि माझी भाची ते खोडून काढत नव्हती.

मी विमा कंपनीत दावे तपासण्यात आयुष्य घालवलं. जळालेली दुकानं, उलटलेले ट्रक, चोरीला गेलेले आणि मुळात कधीच नसलेले दागिने, सगळं पाहिलं. लोक माझ्याशी खोटं बोलतात याची मला सवय आहे. पण दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि तेही घरातलं.

झालं ते असं. दुपारी जेवण झाल्यावर दादा त्याच्या खुर्चीत पेपर वाचत बसला होता. छातीत कळ आली. वहिनीने फोन उचलला तर फोन बंद. दादाचं घर उताराच्या पायथ्याशी, तळमजल्यावर. आत मोबाइलला रेंज येत नाही, मोबाइलसुद्धा घरातल्या वाय-फायवरच बोलतो, आणि घरातला फोनही त्याच इंटरनेटच्या डब्याला जोडलेला. डबाच मेला की सगळंच मेलं. वरच्या मजल्यावरचे कामावर गेलेले. वहिनी चप्पल न घालता चढ चढून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली, तिथून फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. डॉक्टरांना हे वाक्य बोलायला काही लागत नाही. ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं.

आता त्याच दिवशी सकाळी वहिनीने डब्याची फळी पुसली होती. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये भाची तिला म्हणाली, "आई, तुला किती वेळा सांगितलं होतं, त्या फळीला हात लावू नकोस." बस, एवढंच. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं बंद. एका घरात दोघी, आणि निरोप माझ्यामार्फत. "आत्या, तिला सांग दूध तापलंय." "वन्सं, तिला म्हणावं दार लाव." मी काय टपालखातं आहे?

वहिनी जेवत नव्हती. पानावर बसायची, घास चिवडायची आणि उठायची. एके दिवशी सकाळी मी तिच्यासमोर जाऊन बसले, तर म्हणाली, "वन्सं, मी फडका मारला म्हणून ते गेले. वायर हलली असणार. माझ्याच हातानं झालं."

नवऱ्यामागे असं मनाला लावून घेतलेली बाई मी पाहिलीय. ती फार दिवस टिकत नाही. दादाला काही मी परत आणू शकत नव्हते, पण हिला अशी जाऊ देणार नव्हते.

मी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "तो फडका दाखव."

२

फडका साधाच होता, जुन्या चादरीचा. फळीवर इंटरनेटचा डबा, आणि त्याच्या शेजारी साबणाच्या डबीएवढं एक यंत्र. त्याची एक वायर डब्यात, दुसरी खिडकीबाहेरच्या छोट्या एरियलला, जे उपग्रहाकडून वेळ घेतं. यंत्रावर एक हिरवा दिवा. हे दादाचं घड्याळ.

दादा रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ होता. रिटायर झाला तरी वेळेचं वेड सुटलं नाही. त्याने मला हे यंत्र इतक्या वेळा समजावलं होतं की माझंही पाठ झालं होतं. जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला, टीव्हीच्या डब्याला अधूनमधून वेळ विचारावी लागते. ती फुकट सांगायला जगभर हौशी माणसं आपापल्या घरी अशी घड्याळं चालवतात. कोणी पगार देत नाही, कोणी शाल पांघरवत नाही. एक मध्यवर्ती यंत्रणा असते, ती वेळ विचारणाऱ्यांना या घड्याळांमध्ये वाटून देते. तुला किती झेपेल ते तू आकड्यात लिहून ठेवायचं, त्या मानाने तुझ्याकडे माणसं पाठवली जातात. आणि घड्याळ उत्तर देईनासं झालं की ती यंत्रणा त्याला आपणहून बाजूला काढते.

आपल्या सबंध देशात अशी चारच घड्याळं, आणि एकाचं बघून दुसऱ्याने लावलेली, म्हणून चारही आमच्याच शहरात. एक कॉलेजच्या सरांचं, एक घड्याळाच्या दुकानदाराचं, एक इंटरनेटची छोटी कंपनी चालवणाऱ्या बाईंचं, आणि चौथं दादाचं. वहिनी त्यांना चांडाळचौकडी म्हणायची, पण चहा चारदा करायची.

"वहिनी, त्या दुपारी तू या दिव्याकडे पाहिलंस?"

"पाहिलं की. फोन लागेना म्हणून आधी इथेच आले." ती फळीकडे न बघता बोलत होती. "नेहमी तो लुकलुकतो. हे म्हणायचे, एकदा लुकलुकला की समज कोणीतरी वेळ विचारली. त्या दिवशी लुकलुकतच नव्हता. नुसता लागून राहिला होता, अडकल्यासारखा."

मी डब्यात जाणारी वायर किंचित ओढली. दिवा विझला. परत खोचली, दिवा लागला. दुसऱ्या टोकाने करून पाहिलं. तेच.

"वायर हलली असती तर दिवा विझला असता," मी म्हटलं. "तू लागलेला पाहिलास. म्हणजे तुझा फडका सुटला."

मला वाटलं, आता तरी ही एक सुस्कारा सोडेल. छे. "मग बंद का पडला फोन? आणि संध्याकाळी आपोआप चालू कसा झाला? काहीतरी माझंच चुकलं असेल, वन्सं. तुम्हाला कळत नाहीये एवढंच."

दादाच्या इंटरनेट कंपनीला फोन करून मी विचारलं. त्या दिवशी तुमच्या भागात लाइन तुटलेली नव्हती, म्हणाले. भाचीला हाक मारली. ती आत आली, आईला वळसा घालून, आणि तिने दादाच्या कॉम्प्युटरवर त्या घड्याळाचं पान उघडलं.

"बाबांनी सगळ्यात छोटा आकडा लिहिलाय, आत्या. थेंबभर वाटा. तो बदललेलाही नाही. एवढ्यानं घरची लाइन बुडत नाही."

"आणि दिवा नुसता लागून राहिला, त्याचा अर्थ?"

तिने फळीवरच्या दिव्याकडे पाहिलं. "इतक्या भराभर लुकलुकत असेल की डोळ्याला कळू नये. म्हणजे लाखो लोक एकदम वेळ विचारायला आले असतील. पण कसे येतील? बाबांचा वाटा थेंबभर होता."

आकडा तोच, आणि दारात पूर. मी चप्पल घातली. उरलेल्या तिघांना भेटायला हवं होतं.

३

कॉलेजला सुट्टी होती. पॅसेजमध्ये ताज्या रंगाचा वास भरून राहिला होता. पावसाळ्याआधी सगळ्यांचीच डागडुजी निघते. सर कॉम्प्युटरच्या खोलीत एकटेच बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची पुसून दिली. बुद्धिमान माणूस, पण नजर जागेवर नव्हती.

"त्या दुपारी तुमचं घड्याळ चालू होतं ना, सर?"

"आमचं घड्याळ कधीच बंद पडत नाही. दुकानदाराला विचारा, तो जळतो त्यावरून."

"मग दादाकडे एवढी गर्दी कशी झाली? कोणी त्याचा आकडा वाढवला?"

"तो त्यांच्याशिवाय कुणालाच बदलता येत नाही." हे मात्र त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. "हल्ली गर्दी वाढलीय हे खरं. टीव्हीचे ते स्वस्त डबे आलेत ना, त्यांना एकदा उत्तर मिळालं नाही की हट्टी पोरासारखं परत परत विचारत बसतात. आम्ही सगळेच वाकलो होतो."

"दादाशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"त्याच आठवड्यात. फोनवर. इकडचं तिकडचं." सरांनी चष्मा काढला, शर्टाने पुसला, घातला, परत काढला. "शेवटी म्हणाले, मी आहे ना. असे होते ते."

खरंच तसा होता. बिल्डिंगमध्ये कोणाचं कपाट जिन्यातून न्यायचं असो, दादाला हाक. वहिनी ओरडायची, तुमच्या छातीला झेपत नाही. तो हो म्हणायचा आणि जाऊन कपाट उचलायचा. भिडस्तपणाला औषध नाही.

निघताना माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. प्लॅस्टिकचा एक मोठा कागद घडी घालून ठेवला होता, त्याच्यावर भिंतीच्याच रंगाचे शिंतोडे. खोलीच्या मधोमध यंत्रांचं उंच लोखंडी कपाट. जमिनीवर रंगाचे थेंब होते, खिडकीच्या गजांवर होते. त्या कपाटावर एकही नव्हता.

प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र चालू ठेवलं तर आतल्या आत भाजून निघतं. अशाच एका गोदामाचा दावा मी स्वतः फेटाळला होता. म्हणजे रंगकाम चाललं तेवढे दिवस ते कपाट बंद होतं, आणि सरांचं कधीच बंद न पडणारं घड्याळ त्यातच होतं.

सर माझ्या तोंडावर खोटं बोलले होते.

४

घड्याळाच्या दुकानात प्रत्येक घड्याळ वेगळीच वेळ दाखवत होतं. "विकायच्या मालात सेल घालत नाही," दुकानदार म्हणाले. "फुकट जिरवायचे कशाला? माझं खरं घड्याळ आत आहे. त्याचं एरियल वर गच्चीवर, बारा महिने, तेरा काळ."

"मध्ये कधी काढलं होतं?"

"काढीन कशाला? सरांना हसायला कारण?"

दादाचं नाव निघालं तसे त्यांचे डोळे भरून आले. साठीच्या माणसाने गिऱ्हाइकांसमोर रडणं मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांनी मशीनवर काम करताना डोळ्याला लावायचं भिंग लावलं आणि मान खाली घातली, म्हणजे दिसू नये. "गेला त्याच्या आदल्या दिवशी इथे येऊन बसला होता. जाताना खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मी आहे ना."

ते वाक्य माझ्या कानात राहिलं, का ते तेव्हा कळलं नाही.

दुकानाच्या जिन्यात डांबराचा रिकामा डबा उपडा पडला होता. माझ्या गुडघ्यांना शिव्या देत मी गच्चीवर गेले. गच्चीला नवंकोरं डांबर फासलेलं, चपला चिकटत होत्या. मधोमध लोखंडी पायावर ते एरियल उभं होतं. मी खाली बसले. एरियल जागचं हललं नसतं तर डांबर त्याच्या पायाभोवती फासलं गेलं असतं आणि पायाखाली कोरी जागा राहिली असती. मी पाया थोडा कलता केला. खाली काळंभोर डांबर होतं, आणि पाया त्यात रुतला होता.

म्हणजे एरियल आधी काढलं, डांबर घातलं, मग परत ठेवलं. एरियल नाही तर त्यांच्या घड्याळाला वेळ कळणार नाही, आणि ज्याला वेळच कळत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार?

दोघे खोटं बोलत होते, आणि दोघांनाही दादा गेल्याचं खरंखुरं दुःख झालेलं होतं. चोराच्या डोळ्यात असं पाणी येत नाही.

५

इंटरनेटवाल्या बाईंच्या ऑफिससमोर रस्ता खणून ठेवला होता. आत जायला खड्ड्यावर फळी टाकलेली. बाई खमक्या होत्या, एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने मला बसायची खूण.

"दादा आमच्याकडून कनेक्शन घेत नव्हते, माहितीये ना? मी किती टोमणे मारायचे. म्हणायचे, ओळखीत व्यवहार नको." त्या हसल्या, आणि हसणं मध्येच थांबलं. "घड्याळाचं विचाराल तर आमचं चालू होतं. आमच्याकडे कशाला खालीवर होतंय?"

"रस्ता कधी खणला?"

"विचारू नका त्याचं. आमची मोठी केबलच तोडली मेल्यांनी. सगळी गिऱ्हाइकं एका बारीक लाइनवर चालवली मी, केबल जोडून होईपर्यंत. पण एकाचंही नेट बंद पडू दिलं नाही. कसरत होती नुसती."

"तेव्हा दादाशी बोलणं झालं होतं?"

"झालं ना. खूप धीर दिला. म्हणाले, तू गिऱ्हाइकं बघ, बाकीची काळजी सोड, मी आहे ना."

मी उठले. बाई काहीतरी विचारत होत्या, ते मी ऐकलंच नाही. फळीवरून जाताना अर्ध्यावर थांबले. खाली त्यांची तुटून जोडलेली केबल दिसत होती, चिकटपट्ट्या गुंडाळलेली.

बारीक लाइनवर गिऱ्हाइकंच जेमतेम मावत होती, तर घड्याळाचा बोजा कुठे मावला? आणि दुसरं. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, तिघांचा स्वभाव वेगळा, पण दादाचे शेवटचे शब्द तिघांकडे तेच. मी आहे ना. हे वाक्य कोणी आपणहून बोलत नाही. ते उत्तर असतं. समोरच्याने आधी काहीतरी मागितलेलं असतं.

तिघांनी दादाकडे काय मागितलं होतं ते मला खड्ड्याच्या मधोमध उभी असताना कळलं.

६

घरी आले तर भाची ओट्याशी उभी होती. वहिनी आतल्या खोलीत. मी दार लोटून घेतलं.

"एक सांग. कपाट चौघांनी उचललंय. तिघांचा जोर मोठा, एकाने नुसता हात लावलाय. अर्ध्या जिन्यात तिघांनी हात काढले, तर चौथ्याने किती उचललं?"

"सगळं. किंवा तो खाली चिरडला. आत्या, काय चाललंय?"

"तुझ्या बाबांचा तो आकडा. तो म्हणजे इतकीच माणसं पाठवा असं माप आहे, की बाकीच्यांच्या मानाने एवढा हिस्सा, अशी वाटणी?"

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "वाटणी," ती म्हणाली.  आतून वहिनीच्या बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

"समजा बाकी तिघांनी आपापली घड्याळं काढली. मग बाबांच्या थेंबभर आकड्याचं काय?"

"काही नाही होणार. तो तसाच राहील, आणि सगळा देश बाबांच्याच दारात येईल. एकटेच उरले तर थेंब काय नि घागर काय, सगळं त्यांचंच." ती ओट्याला टेकली. "आणि शेवटी बाबांचं घड्याळ उत्तर देईनासं झालं, तेव्हा वरच्या यंत्रणेने त्यालाही बाजूला काढलं असेल. म्हणून संध्याकाळी फोन आपोआप चालू झाला. आत्या, मी आईला…"

"ते तिला सांग," मी म्हटलं. "मी निरोप पोचवायचं सोडलंय."

पण ती आत गेली नाही. दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला आणि परत आली. ज्यांनी हात काढले त्यांची तोंडं आधी बघायची होती तिला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांना बोलावलं. कारण सांगितलं नाही, पण तिघेही आले. सर दाराजवळ बसले, दुकानदार खिडकीशी, बाई उभ्याच. दादाच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. वहिनीला मी हाताला धरून बाहेर आणलं.

"सर, तुमचं यंत्रांचं कपाट रंगकामात प्लॅस्टिकखाली होतं," मी सुरुवात केली. "शेठ, तुमचं एरियल डांबराच्या आधी काढलं आणि नंतर ठेवलं. बाई, तुमची केबल तुटली तेव्हा तुम्ही घड्याळ काढून जागा केली. चालेल ना एवढं, की पुरावे दाखवू?"

कोणी पुरावे मागितले नाहीत. तिघेही माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघत होते. तोंडात मारल्यासारखे.

"तुम्हीसुद्धा?" सर दुकानदारांना म्हणाले.

"मला वाटलं मी एकटाच," दुकानदार म्हणाले.  "तो गेल्यापासून मला झोप नाही. मी काढलं, माझा हिस्सा त्याच्याकडे गेला, असं धरून बसलो होतो. पण एकट्या माझ्या हिश्शानं एवढं कसं होईल, हेच कळत नव्हतं."

बाई खाली बसल्या. "घड्याळ काढायचं असेल तर आधी एकाला सांगून काढायचं, असा आमचा रिवाज. दादा घरी असायचे, म्हणून त्यांनाच सांगायचो. मीही सांगितलं."

"आणि बाकीच्यांना सांगू नका, असंही सांगितलंत," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. दुकानदार गेल्या वर्षी घड्याळाला सुट्टी मागत होते तेव्हा बाईंनीच त्यांना सुनावलं होतं, आता कोणत्या तोंडाने सांगणार? सरांनी घड्याळ कधी बंद पडत नाही म्हणून मिरवलेलं. दुकानदारांना सरांचं हसणं नको होतं. तिघांची तीन नाकं, आणि ती सांभाळायला माझा भाऊ.

भाची पुढे सरकली. "म्हणजे बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "तिघांनी काढलंय हे फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी स्वतःचं का नाही काढलं?"

सरांनी चष्मा काढला. "काढलं असतं तरी चाललं असतं. आपल्याकडे एकही उरलं नाही की शेजारच्या देशांतली घड्याळं वेळ सांगतात. कोणाचंच काही अडलं नसतं. त्या संध्याकाळी अडलंही नाही. ते म्हणायचे, आपल्या देशाचं एक तरी असू दे."

"कोणाचंच अडलं नसतं," भाची म्हणाली, आणि तिने तोंडावर ओढणी धरली. इतके दिवस आईवर धरलेला राग आता जायचा कुठे? ज्याच्यावर जायला हवा तो फोटोत बसला होता.

मला दादाचा संताप आला, खोटं कशाला बोलू. एकाला नाही म्हणाला असता. तिघांना एकमेकांचं नुसतं कळू दिलं असतं तरी त्यातल्या एकाने घड्याळ परत लावलं असतं. पण नाही म्हणायला त्याची जीभच उचलत नसे. लहानपणी माझ्या वाटचाही मार त्याने खाल्ला, तेव्हा मला तो देव वाटायचा.

"झालं, वहिनी," मी म्हटलं. "ऐकलंस ना? फडका नाही, वायर नाही, तू नाहीस. या तिघांनी मागितलं आणि तो तिघांनाही म्हणाला, मी आहे ना."

वहिनी उठली. आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात एक धुळीने भरलेला खोका होता. त्यावर टेलिफोनचं चित्र. खोका उघडलेलाही नव्हता.

"हा मी आणला होता," ती म्हणाली. "वेगळी लाइन घ्या म्हणून मागे लागले होते. त्या घड्याळाच्या वायरीवर घर टांगून ठेवू नका म्हटलं. ते हो म्हणाले. दर वेळी हो म्हणाले. हा खोका कपाटावर चढवला, तोही त्यांनीच."

तिने खोका दादाच्या खुर्चीवर ठेवला आणि पदराने त्याच्यावरची धूळ पुसली.

"एकदा मी चिडले. म्हटलं, उद्या या घरात कोणाला काही झालं आणि फोन लागला नाही, तर मी काय करू? पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही त्यांनी." ती तिघांकडे वळली. "मलाही तेच म्हणाले. मी आहे ना."

दुकानदारांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फळीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता, जरा थांबून, परत जरा थांबून.

भाची उठली. खोक्याची पट्टी नखाने सोडवायला लागली, ती निघेना, मग तिने दातांनी तोडली. फोन बाहेर काढला, वायर सरळ केली.

"आई," ती म्हणाली, "कुठे बसवू हा?"

वहिनीने दादाच्या खुर्चीच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं, जिथे हात सहज पोचला असता.